शुक्रवारचं विधेयक

या महिन्याच्या टपालात एक पाकीट जाड निघालं. मराठवाड्यातून आलेलं. आत एका पानाचं पत्र आणि त्यांच्या आमदारांचं रंगीत पत्रक, चार घड्या घातलेलं. वर हात जोडलेला फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत 'आरोग्य, न्याय आणि मतदान : जनतेसाठी तीन विधेयके!' उद्गारचिन्ह त्यांचंच. मागच्या बाजूला मात्र तिन्ही विधेयकांची मुख्य कलमं बारीक टायपात छापली आहेत, आणि त्यासाठी त्या आमदारांना माझा नमस्कार. पत्रकावर कलमं छापायला कोण जातं? पत्रकाचा फोटो मोबाइलवरून बराच फिरला असावा, कारण तेवढ्याच विषयावर आणखी पाच-सहा पत्रं आली. तेव्हा या वेळचं सदर त्या पत्रकालाच देते. आमदारांचं नाव आणि पक्ष इथे लिहीत नाही; प्रश्न त्यांच्या कागदाचा आहे.

नवीन वाचकांसाठी : मी १९८६ ते २०१७ विधिमंडळ सचिवालयात होते. त्यातली बरीच वर्षं विधेयकांच्या शाखेत गेली, म्हणजे डोंबिवलीहून लोकल आणि मग दिवसभर लाल पेन.

आमचे आमदार विरोधी बाकावर बसतात. ही तीन विधेयकं खरंच कायदा होतील, की नुसती जाहिरात आहे?
*एक निवृत्त शिक्षक, मराठवाडा*

गुरुजी, कायदा बहुधा होणार नाहीत. पण नुसती जाहिरात म्हणून रद्दीतही टाकू नका. कसं ते सांगते.

मंत्री जे विधेयक मांडतात ते शासकीय. बाकी कोणीही मांडलं तर ते अशासकीय, मग तो आमदार विरोधी पक्षाचा असो की सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावरचा. अशासकीय कामकाजाला आठवड्यात एकच दिवस, शुक्रवार. आमदार मसुदा देतो, शाखा तो तपासते, मग शुक्रवारी तो उभा राहून 'विधेयक मांडण्यास अनुमती द्यावी' म्हणतो. अनुमती बहुतेक वेळा मिळते. विधेयकाला क्रमांक पडतो, छापील प्रती निघतात, आणि त्याच संध्याकाळी मतदारसंघात फटाके वाजतात. इथपर्यंत सोपं आहे. पुढे चर्चेला कोणाचं विधेयक कधी येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्याला आम्ही बॅलट म्हणायचो. मुंबईतली दोन अधिवेशनं आणि नागपूरचं एक, मिळून वर्षातले असे शुक्रवार किती, बोटं मोजून बघा. त्यातले काही पुरवणी मागण्या आणि गोंधळ खाऊन टाकतात. विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली की राहिलेली सगळी विधेयकं व्यपगत, म्हणजे बाद. नव्या सभागृहात पहिल्यापासून.

नागपूरचा एक शुक्रवार डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका आमदारांचं विधेयक तीन अधिवेशनांनंतर चर्चेला लागलं होतं. गडी तयारीचा, कात्रणांची फाइल घेऊन आला होता. दुपारचे चार वाजलेले. बाहेर गाड्या सुरू झाल्या होत्या, कारण संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसवर निम्म्या सभागृहाचं आरक्षण. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि कोणीतरी गणपूर्तीचा मुद्दा काढला. सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ सदस्य हवेत. मोजले तर १७. घंटा वाजायला लागली. ती घंटा सगळ्या इमारतीत वाजते, उपाहारगृहात, ग्रंथालयात, संडासातसुद्धा. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत उभी होते. दोघे-तिघे आत आले, एकजण आत डोकावून परत गेला. ते आमदार फाइल उघडी ठेवून उभेच. शेवटी बैठक तहकूब झाली आणि त्यांनी एकेक कात्रण परत फाइलीत लावलं, तारखेच्या क्रमाने.

आणि चर्चा झालीच, तरी शेवट ठरलेला असतो. मंत्री उठतात : भावना चांगली आहे, शासन सकारात्मक आहे, अभ्यास चालू आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं ही विनंती. सन्माननीय सदस्य सभागृहाच्या अनुमतीने मागे घेतात.

शिवाय एक कुलूप घटनेतच आहे. अनुच्छेद २०७ वाचा. ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार, ते राज्यपालांच्या शिफारशीवाचून संमत करता येत नाही. राज्यपाल ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करणार. म्हणजे आमदाराने दवाखान्यांचं विधेयक आणलं, की त्याच्या किल्लीसाठी पुन्हा मंत्र्यांच्याच दारात. संसदेतही वेगळं नाही. तिथे खासगी सदस्याची १४ विधेयकं आजवर कायदा झाली. शेवटचं १९७० चं, सर्वोच्च न्यायालयात फौजदारी अपिलाचा हक्क वाढवणारं. ते मांडणारे आनंद नारायण मुल्ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, आणि उर्दूतले शायरही. न्यायमूर्तीनेच न्यायाचं विधेयक आणलं म्हणून ते मसुद्यातही पक्कं असावं, असा माझा आपला कयास.

मग रद्दीत का टाकू नका? कारण मंत्री उठून जे बोलतात ते कार्यवृत्तात छापलं जातं. 'सहा महिन्यांत नियम करू' असं त्यांच्या तोंडून निघालं, की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांसाठी विधिमंडळाची वेगळी समिती आहे. हुशार आमदार विधेयक मांडतो ते कायद्यासाठी नव्हे, त्या एका वाक्यासाठी. तेव्हा तुमच्या आमदारांना भेटलात तर दोनच गोष्टी विचारा : विधेयकाचा क्रमांक काय, आणि मंत्र्यांनी उत्तरात काय सांगितलं. क्रमांक सांगता आला नाही, तर विधेयक अजून पत्रकावरच आहे असं समजा.

मी १४ वर्षं एका खासगी नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. अनामत रकमेचं कलम वाचून आमचे डॉक्टर म्हणतात, हे आलं तर मी कुलूप लावीन. आम्ही काय समजायचं?
*एक वाचक, नाशिक जिल्हा*

सिस्टर, तुमच्या डॉक्टरांना म्हणावं, चष्मा लावून पुन्हा वाचा. पत्रकावरचं कलम असं आहे : 'आकस्मिक स्थितीतील रुग्णास दाखल करून घेताना रुग्णालय शक्यतोवर अनामत रक्कम मागणार नाही व प्राथमिक उपचार करू शकेल.'

माझं लाल पेन इथे दोनदा थांबलं. पहिलं 'शक्यतोवर'. घरात पाहुण्याला 'शक्यतोवर जेवूनच जा' म्हणतात तेव्हा त्याने निघालं तरी चालतं. कायद्यातही तेच होतं. काउंटरवरचा माणूस म्हणेल, आज शक्य नव्हतं. दुसरं 'करू शकेल'. कायद्याच्या मराठीत 'करील' म्हणजे केलंच पाहिजे, आणि 'करू शकेल' म्हणजे मर्जी. उपचार करायला रुग्णालयाला आजही कोणी अडवलेलं नाही. मग 'करू शकेल' लिहून दिलं काय? शाखेत नवीन माणूस आला की आम्ही त्याला पहिल्या दिवशी या दोन क्रियापदांतला फरक शिकवायचो. ते वाक्य 'अनामत रक्कम मागणार नाही आणि तातडीचे उपचार करील' असं करा, मग खरोखर कुलपाचं बोलू.

आता जे आधीच आहे ते. अपघातातल्या जखमीला आधी वाचवा, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावायचं, हे तेव्हा आलं. तुमच्याकडे लावलं आहे का बघा. माझ्या घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये लावलं आहे, पण त्याच्यापुढे पाण्याचा कूलर उभा केलाय. सनद वाचायची तर कूलरच्या मागे मान घालावी लागते.

आणि धर्मादाय रुग्णालयांचं तर बरंच काही आहे, जे तुमच्यासारख्यांनी रुग्णाच्या नातेवाइकाच्या कानात सांगायला हवं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि त्या खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के वेगळे काढायचे. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचं, स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, आणि या दोन गटांतल्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, हे त्या योजनेतच लिहिलेलं आहे. तिथे 'शक्यतोवर' नाही. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड जवळ असलेलं बरं, पण जीव जात असताना कोणी तहसील कचेरीत धावू नये. दाखल आधी, दाखला मागून.

तुमच्या डॉक्टरांची एक गोष्ट मात्र खरी. पैसे कोण देणार, हे पत्रकात कुठेच नाही. राजस्थानने २१ मार्च २०२३ ला आरोग्य हक्काचं विधेयक संमत केलं, देशात पहिलंच. तातडीचे उपचार आधी, पैसे नंतर; रुग्णाने दिले नाहीत तर शासन भरून देईल, असं त्यात होतं. खासगी डॉक्टर संपावर गेले. 'शासन भरून देईल' म्हणजे कधी आणि कोणत्या दराने, हाच त्यांचा सवाल होता. ४ एप्रिलला तडजोड झाली आणि ५० खाटांच्या आतली खासगी रुग्णालयं बाजूला निघाली. म्हणजे तुमच्यासारखी बहुतेक नर्सिंग होम. ते तर शासकीय विधेयक होतं, मागे अख्खं सरकार उभं होतं. आपल्या आमदारांनी निदान वित्तीय ज्ञापनात, म्हणजे विधेयकाला जोडायच्या खर्चाच्या टिपणात, आकडा लिहावा, मग डॉक्टर आणि तुम्ही दोघांनी वाद घालावा.

दुसरं विधेयक 'प्रत्येक दाव्याचा निकाल एका वर्षात' असं आहे. मी ३० वर्षं वकिलांकडे कारकून आहे. हसू की रडू?
*एक वाचक, सांगली*

हसा. ग्राहक तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, माल तपासायला पाठवायचा असेल तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहेच. तुमच्या टेबलावर त्या मुदतीतली किती प्रकरणं आहेत, तुम्हीच सांगा. माझ्या सासऱ्यांचा भाडेकरूशी दावा २२ वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा भाडेकरू आणि सासरे दोघेही नव्हते, मुलंच एकमेकांच्या लग्नाला जात होती.

गंमत अशी की न्यायदान आणि न्यायालयांची रचना हा विषय पूर्वी राज्याच्या सूचीत होता. आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने, १९७६ मध्ये, तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत, गेला. त्यामुळे राज्य कायदा करू शकतं, पण केंद्राच्या कायद्याशी तो भिडला तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं आपलं शक्ती विधेयक आठवतं ना? २०२० च्या डिसेंबरात आलं, संयुक्त समितीकडे गेलं, तपासाची १५ दिवसांची मुदत समितीत ३० वर गेली, २०२१ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी संमत केलं. तिथून दिल्लीला गेलं ते कायदा होऊन आलं नाही. मधल्या काळात भारतीय दंड संहिताच गेली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. ज्या इमारतीला मजला चढवायचा होता, ती इमारतच पाडली म्हणा ना. सरकारी विधेयकाची ही गत, तर शुक्रवारच्या विधेयकाचं काय घेऊन बसलात.

उलट तुमच्या भागाला न्याय जवळ आला तो विधेयकाशिवाय. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. ते राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ खाली, मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने आणि राज्यपालांच्या मान्यतेने. वकिलांनी त्यासाठी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, कामावर बहिष्कार घातले. तुम्हीही कोर्टाबाहेर मंडपात बसला असाल. पक्षकाराला रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचं आणि 'पुढची तारीख' ऐकून परत यायचं, हे टळलं. आमदारांना न्यायावर काही करायचंच असेल, तर तालुक्याच्या कोर्टात रिकाम्या जागा किती आणि कोर्टाला शिपाई, स्टेनो किती, असा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकावा. विधेयकापेक्षा लवकर उत्तर येईल. अर्थसंकल्पात कोर्टाच्या पदांना पैसे मागणं हे कंटाळवाणं काम आहे, पत्रकावर छापण्यासारखं नाही, आणि निकाल लांबतो तो तिथेच.

ताबडतोबीचं म्हणाल, तर पक्षकार बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. कारकुनांना हे ठाऊक असतं. पक्षकाराला सांगणारे थोडे.

माझे आई-बाबा दर वर्षी ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात. तिसऱ्या विधेयकात 'मतदार जिथे असेल तिथून मतदान' असं आहे. ते झालं तर आईला फडातून मत देता येईल का? ती २०२४ ला फक्त माझ्याशी फोनवर बोलली, मत नाही दिलं.
*बी. ए. प्रथम वर्ष, बीड जिल्हा*

तुला 'तू' म्हणते, चालेल ना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहिलंस की मुकादमाची उचल घेतलेली असते, मधेच गावी निघालं तर खाडा धरतात, आणि बैलांना कोण बघणार. २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान होतं २० नोव्हेंबरला. पाच दिवस. टोळ्या तर त्याआधीच ट्रॅक्टरवर भांडी-कुंडी टाकून निघालेल्या असतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ख आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण कोयत्यावर, टनावर पैसे मिळणाऱ्या जोडप्याला कोण सुट्टी देणार, आणि दिली तरी एका दिवसात बीडला जाऊन कसं यायचं?

आता वाईट बातमी. या विधेयकाने तुझ्या आईला आमदार-खासदाराच्या निवडणुकीत फडातून मत देता येणार नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका हा संसदेचा विषय आहे. राज्याला विधानसभेच्या निवडणुकीबद्दल थोडी जागा अनुच्छेद ३२८ मध्ये ठेवली आहे, पण जिथे संसदेने काहीच सांगितलेलं नसेल तेवढीच. २०२१ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी याच अनुच्छेदाचा आधार घेऊन, यंत्राबरोबर मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा करा असं शासनाला सांगितलं होतं. आता, मतदान यंत्राचं कलम ६१ क लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून बसलेलं आहे. यंत्र चांगलं की वाईट हा वाद मी इथे घेत नाही. राज्याला तिथे जागा किती, एवढंच बघ. पटोले त्याच आठवड्यात अध्यक्षपदावरून गेले आणि पुढे तो कायदा झाला नाही.

स्थलांतरितांच्या मतदानासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत एक यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांची मतं घेता येतील असं. पक्षांची शंका अशी की कोल्हापुरात बसून बीडच्या उमेदवाराचा प्रतिनिधी कोण होणार, आचारसंहिता कुठे लागणार. शंका खोट्या नाहीत, पण यंत्र तिथेच थांबलं. तोडकऱ्यांचं काय, हे विचारायला तिथे तुझी आई नव्हती.

मतदार यादीत नाव तिकडे घालायचं का, असंही तू विचारलंस. घालू नका. नाव एकाच ठिकाणी राहतं, आणि मग गावातल्या ग्रामपंचायतीतलं मतही जाईल.

चांगली बातमी पंचायतीतच आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्या निवडणुकीचे कायदे राज्य करतं. कितीदा करतं ते बघ : सरपंच थेट निवडायचा हे २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. मनात आलं की कायदा दोन वर्षांत फिरतो. मग ऊसतोड्यांच्या टपाली मतासाठी का फिरू नये? आणि त्याहून साधं म्हणजे तारीख. ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तुझ्या तालुक्यात त्या शक्य तेव्हा टोळ्या गावात असताना, हंगामाच्या बाहेर घ्या, असा ठराव ग्रामसभेत करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आयोगाला पाठवायला विधेयक लागत नाही. पण ठराव टोळ्या निघायच्या आधीच्या ग्रामसभेत कर. त्या निघाल्या की ग्रामसभेत उरतात म्हातारी माणसं आणि मुकादमाचे भाऊ.

पत्रकातलं तिसरं विधेयक आमदारांनी तुझ्यासारख्या कोणाकडून वाचून घेतलं असतं, तर 'विधानसभा' हा शब्द काढून 'पंचायत' घातला असता. एका शब्दाने ते त्यांच्या हातातलं झालं असतं.

मतदान सक्तीचं करा, आणि 'नोटा'ला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द करा. आमदार एवढं का करत नाहीत?
*एक वाचक, ठाणे*

सक्ती गुजरातने करून पाहिली. स्थानिक संस्थांपुरती, २००९ मध्ये. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी अडवलं, २०११ ला पुन्हा संमत केलं, संमती मिळाली थेट २०१४ मध्ये, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. 'नोटा'चं तुम्ही मागता ते आपल्याकडे महापालिका-नगरपालिकांपुरतं २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य निवडणूक आयोगाने आदेशाने केलेलंच आहे : नोटाला सर्वांत जास्त मतं, तर फेरनिवडणूक. विधेयक लागलं नाही. विधानसभेला ते लागू नाही, कारण वर त्या मुलीला सांगितलं तेच.

आम्ही मिशिगनमध्ये आहोत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार इथे राज्याच्या सभागृहात आमदार होते, आता वॉशिंग्टनला खासदार आहेत. इथे प्रत्येक विधेयक कोणत्या ना कोणत्या सदस्याच्याच नावावर असतं. तिकडे आमदाराच्या विधेयकाला सावत्र वागणूक का?
*एक वाचक, डेट्रॉइटजवळून*

तुमच्याकडे गव्हर्नर सभागृहात बसत नाही, म्हणून त्याला विधेयक कोणा सदस्याच्या हातूनच आणावं लागतं. आमच्याकडे सरकार सभागृहातच बसतं, बहुमत खिशात घेऊन. आमदाराचं विधेयक सरकारने स्वीकारलं तर 'मग तुम्ही का नाही आणलं' हा प्रश्न येतो, म्हणून चांगलं वाटलं तर ते मागे घ्यायला लावून, दोन वर्षांनी स्वतःच्या नावावर आणतात. सावत्र म्हणण्यापेक्षा दत्तक म्हणा, फक्त आईचं नाव बदलून. बाकी तुमच्याकडेही मांडलेली सगळी विधेयकं संमत होत नाहीतच. समितीच्या कपाटात धूळ खाणारी तिथेही ढिगाने असतात.

तुमच्या ३१ वर्षांत तुमच्या टेबलावरून गेलेलं एखादं अशासकीय विधेयक कायदा झालेलं तुम्ही पाहिलंत का?
*त्याच निवृत्त शिक्षकांचा ताजा कलम*

नाही, गुरुजी. माझ्या हातून गेलेलं एकही मला आठवत नाही.

त्या नागपूरच्या आमदारांचं पुढे काय झालं ते मात्र सांगते. पुढच्या अधिवेशनात, मुंबईत, त्यांचं विधेयक पुन्हा लागलं. पंचवीस मिनिटं बोलले. मंत्र्यांनी विनंती केली आणि त्यांनी मागे घेतलं. सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, बाई, विधेयकाच्या प्रती शिल्लक आहेत का? मी म्हटलं, आता ते मागे घेतलंय, प्रती कशाला? तर म्हणाले, वीस तरी द्या, गावी वाटायच्या आहेत, लोकांनी वाचायला मागितल्यात. कपाटात अकरा होत्या. अकरा दिल्या, सही घेतली.